डीएसपीवाला ग्राफिक्समध्ये चालेल का?

फूरिए_फॅन: इलेक्ट्रिकलमधून एमटेक करतोय, डीएसपी (डिजिटल सिग्नल प्रोसेसिंग) आवडतं पण रिसर्च ग्राफिक्समध्ये करायचाय, गाईड म्हणतात ते कॉम्प्युटरवाल्यांचं काम. खरंच का?

जुना_खडू: काहीही! तिरक्या रेषेला पायऱ्या दिसतात त्या डीएसपीतलं सँपलिंग (ठराविक बिंदूंवरच मोजणं) कमी पडतं म्हणूनच ना? गेममधली लांबची फरशी चमचमते ते पण एलियासिंगच (कमी सँपलमुळे दिसणारे खोटे आकार), आणि मिपमॅप म्हणजे आधीच लो-पास करून (बारीक तपशील गाळून) ठेवलेलं टेक्स्चर (वस्तूवर चिकटवायचं चित्र), लान्स विल्यम्सचा १९८३ चा पेपर वाच.

रात्रपाळी: +१. पाथ ट्रेसिंगमधला (प्रकाशकिरणांचे मार्ग रँडम निवडून चित्र बनवणं) नॉईज (चित्रातले दाणे) निम्मा करायचा तर सँपल चौपट लागतात, म्हणून सगळे डीनॉइझिंगच्या (नॉईज काढण्याच्या) मागे, तिथे तुझं फिल्टरिंग कामी येईल. फक्त सी प्लस प्लस पक्कं कर, नुसत्या मॅटलॅबवर भागणार नाही.

फूरिए_फॅन: धन्यवाद दादा, मॅटलॅब सोडायचं जिवावर आलंय पण 😅