मदत हवी आहे: जीझस अँड मेरी चेनचं पुढे काय ऐकू?

मंडळी, स्कॉटलंडच्या ईस्ट किलब्राइडमधल्या जिम आणि विल्यम रीड या भावांच्या बँडने सध्या वेड लावलंय. त्यांचा ‘सायकोकँडी’ (१९८५) हा अल्बम तर पाठच झालाय. गिटारचा कानठळ्या बसवणारा फीडबॅक, त्याखाली गोड चाल आणि उभ्याने दोनच ड्रम बडवणारा बॉबी गिलेस्पी! ‘डार्कलँड्स’ (१९८७) मध्ये तो नाही, ड्रम मशीन आहे; गोंगाटही बराच उतरलाय. मला मात्र हाच जास्त भावला.

मग आता थेट ‘स्टोन्ड अँड डीथ्रोन्ड’ (१९९४) लावू का? तोही शांत आहे म्हणतात. आणि १९९९ ला फुटून २००७ ला परत जमल्यानंतरचे ‘डॅमेज अँड जॉय’ (२०१७) आणि ‘ग्लासगो आइज’ (२०२४) जुन्यांच्या तोडीचे आहेत, की नुसती जुनी पुण्याई? सगळं ऐकलेल्यांनी क्रम सांगा, प्लीज.