मदत हवी आहे: सेरेब्रल पाल्सी, वाढते वय आणि पाण्यातील व्यायाम

नमस्कार. माझे वय ४६ असून मला जन्मापासून स्पास्टिक डायप्लेजिया, म्हणजे हातांपेक्षा पायांत अधिक ताठरपणा असलेली सेरेब्रल पाल्सी आहे. घरात भिंतीचा आधार घेऊन आणि बाहेर कुबड्यांवर चालतो; पुण्यात बैठी नोकरी करतो.

या विकाराचे मूळ असलेली मेंदूची इजा पुढे वाढत नाही, एवढेच आम्हाला लहानपणी सांगण्यात आले होते. त्या इजेमुळे स्नायू आणि सांध्यांवर आयुष्यभर पडणारा ताण मात्र साचत जातो, हे चाळिशीनंतर गुडघे आणि कंबर दुखू लागल्यावर कळले. फिजिओथेरपीची बहुतेक केंद्रे लहान मुलांसाठी आहेत, आणि प्रौढांच्या दवाखान्यात ‘वयोमानानुसार होणारच’ यापलीकडे फारसे उत्तर मिळत नाही.

पाण्यात व्यायाम करावा, असा सल्ला मला मिळाला आहे. कमरेएवढ्या पाण्यात शरीराचे जवळजवळ निम्मे वजन पाणी पेलते, त्यामुळे दुखऱ्या गुडघ्यांनीही चालता येते, हे पटते. परंतु जवळच्या उघड्या तलावात हिवाळ्यात उतरलो, तेव्हा गारठ्याने पाय इतके आखडले की काठ सोडता आला नाही. शिवाय तेथे उभी लोखंडी शिडी आहे, आणि ‘तुमची जबाबदारी कोण घेणार’ असे म्हणून प्रवेश देण्यास व्यवस्थापन नाखूश आहे.

पाणी किती कोमट असावे, पोहता येणे आवश्यक आहे का, आणि ताठरपणासाठी मी घेत असलेल्या बॅक्लोफेनचा यात काही अडथळा येतो का, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

मी फिजिओथेरपिस्ट आहे. आपल्याला न तपासता लिहीत असल्याने हे सर्व आपल्या डॉक्टरांना दाखवूनच अमलात आणावे.

नेहमीच्या तलावाचे पाणी साधारण २६ ते २८ अंश सेल्सिअस असते आणि ते भरभर पोहणाऱ्यांसाठी ठीक आहे. सावकाश हालचाल करणाऱ्या ताठर स्नायूंना ३३ ते ३५ अंशांचे पाणी मानवते. असा तलाव मिळाला नाही, तर एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर, पाणी तापलेले असताना, थोडा वेळ उतरावे. पोहता येणे आवश्यक नाही. छातीपर्यंतच्या पाण्यात पुढे, मागे आणि बाजूला चालणे, काठ धरून पाय बाहेरच्या बाजूला नेणे, यांतच बरेच काम होते. हॅलिविक ही १९४९ मध्ये लंडनमध्ये जेम्स मॅकमिलन यांनी अपंग मुलींना शिकवताना सुरू केलेली पद्धत आहे. तिच्यात पोहण्याआधी श्वास आणि तोल सांभाळणे, उताणे तरंगणे आणि तेथून पुन्हा उभे राहणे शिकवतात. आपण तेवढ्यापासून सुरुवात केली तरी चालेल.

बॅक्लोफेनने गुंगी येऊ शकते, म्हणून गोळीची वेळ आणि तलावाची वेळ यांचा मेळ डॉक्टरांना विचारून घालावा. मात्र गोळी परस्पर बंद करू नये, ती अचानक थांबवणे धोकादायक असते. आकडी येत असल्यास परवानगीशिवाय पाण्यात उतरू नये. बाहेर येताना शरीर एकदम जड वाटते आणि घसरण्याचा धोका तेव्हाच अधिक असतो, म्हणून काठावर खुर्ची आणि सोबत माणूस हवाच. पाण्यात हाडांवर भार कमी पडतो. त्यामुळे खुर्चीतून उठण्या-बसण्यासारखा जमिनीवरचा व्यायामही चालू ठेवावा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात अपंग प्रौढांसाठीही आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम सुचवला आहे. तेथवर सावकाश पोहोचावे, आणि दुसऱ्या दिवशीही थकवा उतरला नाही, तर आदल्या दिवशी व्यायाम जास्त झाला असे समजावे.

प्रवेशासाठी लेखी अर्ज द्यावा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सेरेब्रल पाल्सीचा समावेश आहे आणि त्याचे कलम ३० क्रीडा-सहभागाविषयीच आहे.

एक प्रश्न: हातांना बधिरपणा, पकड ढिली होणे किंवा लघवीवरील नियंत्रणात बदल असे काही जाणवते का? तसे असल्यास ते वयावर ढकलू नये. व्यायामाआधी मानेच्या मणक्याची तपासणी करून घ्यावी.

मूळ प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. हात ठीक आहेत, परंतु हे प्रश्न आजवर कोणी विचारलेच नव्हते, म्हणून डॉक्टरांकडे तपासणी करून घेईन. पुणे किंवा पिंपरी-चिंचवड भागात कठडा असलेल्या रुंद पायऱ्यांचा, पाणी तापवण्याची सोय असलेला तलाव कोणी स्वतः पाहिला असल्यास कृपया येथे कळवावे.