क्यूबिटटॉरेंटमधील रांग पुढे सरकत नाही

प्रश्न : नमस्कार. क्यूबिटटॉरेंट या प्रोग्रामवर उबुंटू, डेबियन आणि काही जुन्या लिनक्स आवृत्त्यांची ८ टॉरेंट (अनेकांच्या संगणकांवरून तुकड्यातुकड्यांनी उतरणाऱ्या फाइली) मी एकाच वेळी लावली आहेत. वरची ३ कालपासून ‘स्टॉल्ड’ (अडलेली) दाखवत आहेत आणि उरलेली ‘क्यूड’ (रांगेत) म्हणून खोळंबली आहेत. आणखी ट्रॅकर जोडल्यास फरक पडेल का?

उत्तर १ : ट्रॅकर केवळ पीअरचे, म्हणजे तीच फाइल देणाऱ्या-घेणाऱ्या इतर संगणकांचे, पत्ते पुरवतो, जुन्या आवृत्तीचा एकही सीडर (पूर्ण फाइल देणारा) उरला नसेल, तर दहा ट्रॅकर जोडूनही फाइल सहसा पूर्ण होणार नाही. तुमची खरी अडचण रांगेच्या मर्यादेत आहे, कारण एका वेळी ३ डाउनलोड ही मूळ मर्यादा असून अडलेले टॉरेंटही त्यातली जागा धरून बसते. सेटिंगमधील ‘बिटटॉरेंट’ विभागात संथ टॉरेंट मर्यादेत न मोजण्याचा पर्याय आहे, त्यावर खूण करा. मूळ निकषानुसार ६० सेकंद वेग २ किबिबाइट प्रति सेकंदाहून कमी राहिला की ते टॉरेंट संथ ठरते आणि पुढच्याला वाट मिळते.

उत्तर २ : सहमत आहे. तरीही ‘ट्रॅकर्स’ टॅबमधला संदेश एकदा वाचा, कारण पत्ताच बंद पडला असेल तर तिथे ‘नॉट वर्किंग’ दिसते. खासगी (ठरावीक सदस्यांपुरत्या) टॉरेंटला मात्र बाहेरचे ट्रॅकर कृपया जोडू नका.

प्रश्नकर्ता : खूण करताच डेबियन सुरू झाले. मनःपूर्वक आभार.