कॅमेलियाच्या कळ्या उमलण्याआधीच गळतात (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

आमचे घर इंदूरला सुदामा नगरात आहे. मागच्या अंगणात, सकाळचे कोवळे ऊन मिळेल अशा जागी, १४ इंची कुंडीत कॅमेलियाचे एक झाड लावले आहे. दोन वर्षांपूर्वी कालिम्पाँगच्या एका रोपवाटिकेतून दोन रोपे आणली होती. त्यांपैकी एक पहिल्याच मे महिन्यात, पारा ४२ अंशांवर गेला तेव्हा, चार दिवसांत वाळून गेले. दुसरे तगले आणि आता अडीच फूट उंच झाले आहे.

आमची काळी माती मुद्दामच वापरली नाही. तिच्यात चुनखडीचे खडे असतात, इतके की ढेकळावर लिंबू पिळले तर बुडबुडे येतात. आणि कॅमेलिया ही चहाचीच सख्खी बहीण असल्याने तिला आम्लधर्मी माती लागते, हे मी आधी वाचले होते. म्हणून कोकोपीट, कुजलेल्या पानांचे खत आणि थोडी जाड वाळू असे मिश्रण केले, रोप खोल न लावता मुळांचा माथा मातीच्या पातळीला ठेवला आणि वर पाचोळ्याचे आच्छादन घातले. मार्चपासून पाऊस पडेपर्यंत दुपारी शेडनेट असतेच.

आता अडचण सांगते. ऑक्टोबरात हरभऱ्याएवढ्या वीस-बावीस कळ्या दिसल्या, डिसेंबरअखेर त्या बोराएवढ्या झाल्या आणि जानेवारीत एकेक करून तपकिरी पडून, नुसता हात लागला तरी गळू लागल्या. गळलेली एक कळी मी नखाने सोलून पाहिली. बाहेरचे खवले वाळलेले होते, आत मात्र गुलाबी पाकळ्यांची घट्ट घडी होती आणि तिची फक्त टोके चहाच्या रंगाची झाली होती. जुन्या पानांच्या कडा करपल्या आहेत. नवी पाने पिवळी असून त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या दिसतात.

पाण्यात मी कधी खंड पडू दिलेला नाही. नर्मदेचे पाणी दिवसाआड येते, ते सांडायला जीव होत नाही. त्यामुळे बोअरिंगवर लावलेल्या आरओ यंत्रातून जे पाणी वाया जाते, ते बादलीत धरून रोज दीड लिटर झाडाला घालते. पावसाळ्यात मात्र, मी काहीच करत नसताना, हेच झाड तजेलदार होते. माझा संशय कोरड्या वाऱ्यावर आहे. झाड घरात घ्यावे का, खत बदलावे का, की माळव्यात या झाडाचा नादच सोडावा?

प्रतिसाद :

ताई, नाद सोडू नका, पण बादली आजच बदला. दुखण्याचे मूळ आपण स्वतःच लिहिले आहे. आरओमध्ये पिण्याच्या पाण्यातून काढलेले क्षार वाया जाणाऱ्या पाण्यात उतरतात. चार लिटरांतले एक लिटर पिण्याला मिळत असेल, तर उरलेल्या तीन लिटरांत जवळजवळ चारही लिटरांचे क्षार असतात. पावसाचे पाणी ते धुऊन काढते, म्हणून झाड आषाढ-श्रावणात हसते आणि पुढे पुन्हा कोमेजते. करपलेल्या कडा क्षारांच्या, आणि हिरव्या शिरांची पिवळी पाने लोहाच्या कमतरतेची. मातीत लोह असले तरी क्षारधर्मी पाण्यामुळे मुळांना ते घेता येत नाही. कोरडा वारा कळ्या गाळतो हे खरे, परंतु क्षारांमुळे पाणी असूनही ते मुळांना ओढता येत नाही, आणि अशा आधीच तहानलेल्या झाडाच्या अधिक गाळतो.

आरओचे शुद्ध पाणी एकेक बादली, हळूहळू, दोन-तीन वेळा कुंडीतून आरपार जाऊ द्या आणि खालच्या ताटलीत साचलेले फेकून द्या. पुढे पावसापर्यंत झाडाला शुद्ध पाणी आणि फरशीला वाया जाणारे, अशी अदलाबदल करा. एसीचे पाणीही चालते. लोहासाठी ईडीडीएचए प्रकारचे चिलेटेड लोह (मुळांना घेता येईल अशा रूपात बांधलेले लोह) मागा. स्वस्तातले ईडीटीए प्रकारचे लोह क्षारधर्मी मातीत टिकत नाही. झाड घरात घेऊ नका, कारण या कळ्यांना हिवाळ्याचा गारवा हवाच असतो. पावसाळ्यात गच्चीचे पाणी २०० लिटरच्या दोन पिंपांत धरले, तर ऑक्टोबर ते जून बहुतेक भागते. तोंडाला मात्र घट्ट कापड बांधा, नाहीतर डासांची पैदास होईल.

धागाकर्ती :

आपला प्रतिसाद वाचून लगेच अंगणात गेले. पाचोळा बाजूला सारला तर मातीवर मिठासारखी पांढरी साय आलेली होती. वरून ती कधी दिसलीच नव्हती. शेजारच्या कुंडीतला अनंतही गेल्या वर्षापासून पिवळा पडला आहे, आणि त्यालाही त्याच बादलीतले पाणी जाते. त्यालाही हाच उपाय करू ना?