[शिकागो मंडळ, मेल-यादी] हीट लावली, घोळणा फुटतोय: ह्युमिडिफायर कितीवर?

प्रेषक: मीनल
मंगळवार, सकाळी ६:५२

मंडळी, घाईत लिहितेय. गुरुवारी हीट (घर तापवणारी फर्नेस) लावली आणि तेव्हापासून सासूबाईंचा घोळणा दोनदा फुटला, दोन्ही वेळा पहाटे. फर्नेसवरच्या ह्युमिडिफायरचा (हवेत ओलावा घालणाऱ्या यंत्राचा) काटा ४५ टक्क्यांवर आहे. त्यांच्या खोलीतलं आर्द्रतेचं मीटर २८ दाखवतंय. स्वयंपाकघराच्या खिडकीवर मात्र सकाळी पाणी ओघळतंय! आता घर कोरडं म्हणायचं की ओलं? काटा वाढवू की कमी करू? मागच्या वर्षी सुहासकाकांनी ह्युमिडिफायरच्या पॅडबद्दल (पाणी ठिबकतं त्या जाळीबद्दल) सविस्तर लिहिलं होतं, ती मेल सापडत नाहीये.

ता. क. कोजागिरीला आम्ही पाच. दुधाचा मसाला मी आणतेय.

*

प्रेषक: सुहास
मंगळवार, सकाळी ७:४०
विषय: रि: हीट लावली, घोळणा फुटतोय

मीनल, काट्याला हात लावू नकोस. आधी टॉर्च घेऊन बेसमेंटमध्ये जा.

पहिलं, डॅम्पर, म्हणजे हवेची झडप. ह्युमिडिफायरच्या बाजूच्या गोल नळकांड्यावर एक छोटा दांडा असतो, त्यावर समर आणि विंटर अशा खुणा असतात. दर वर्षी निम्म्या घरांत तो समरवरच राहतो. मग पाणी ठिबकत राहतं, पण पॅडमधून हवा जातच नाही. पाणी सगळं ड्रेनला आणि घर कोरडं ठणठणीत.

दुसरं, पाण्याची तोटी. तांब्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या बारीक नळीवर असते. उन्हाळ्यात बंद केली असेल तर ती पूर्ण उघड. अर्धवट उघडी ठेवली की ती जागा गाळाने बुजते.

तिसरं, पॅड. झाकण काढ, पॅड वर उचलून बाहेर घे. पांढरा पापुद्रा धरून बोटाखाली कडक लागला, तर फेकून दे. लेक मिशिगनच्या पाण्यातला क्षार एका हंगामात पॅड बुजवायला पुरतो. विहिरीचं पाणी असलेल्या गावांत तर जानेवारीत दुसरा पॅड घालावा लागतो. जुना पॅड हातात घेऊनच दुकानात जा, कारण दोन-तीन मापं दिसायला सारखी असतात आणि पाऊण इंचाने चुकतात. कडेला रंगाची खूण असेल ती बाजू वर. पॅडच्या वरच्या ट्रेला एक बारीक भोक असतं, त्यात टाचणी फिरव.

चौथं, ड्रेन. तळाच्या ट्रेमध्ये भांडंभर पाणी ओत. लगेच गेलं पाहिजे. तुंबलं तर ते फर्नेसच्या आत उतरतं, आणि मग ह्युमिडिफायर राहतो बाजूला, फर्नेसचं बिल येतं.

हे झालं की हीट चालू असताना काटा पूर्ण वर फिरव. टिक्‌ असा आवाज यायला हवा, आणि पाचेक मिनिटांत ड्रेनच्या नळीतून बारीक धार. मग काटा परत ४५ वर.

सुहास

*

प्रेषक: समीर
मंगळवार, सकाळी ९:१५

सुहासकाका, बाकी सगळं मान्य, पण ४५ हा आकडा यादीवर देऊ नका. गेल्या हिवाळ्यात किती जणांच्या खिडक्यांच्या चौकटी काळ्या पडल्या ते आठवा. कारण एकच, ऑक्टोबरचा काटा जानेवारीतही तिथेच.

काटा बाहेरच्या तापमानाबरोबर खाली यायला हवा. बाहेर ४० अंश (सगळे फॅरनहाइट) असेल तर ४५ टक्के, ३० ला ४०, २० ला ३५, १० ला ३०, शून्याला २५, उणे १० ला २०. हे बहुतेक ह्युमिडिफायरच्या डायलवरच छापलेलं असतं, कोणी वाचत नाही. घरात ७० अंश आणि ४५ टक्के असतील तर साधारण ४७ अंशांच्या खाली गेलेल्या कुठल्याही काचेवर पाणी सुटतं. ३० टक्के ठेवले तर तीच मर्यादा ३७ वर येते. रोज कोण काटा फिरवणार? म्हणून मी म्हणतो, सरळ ३५ वर ठेवा आणि कडाक्याच्या थंडीत २५.

आणि मीनल, २८ वरून मला वेगळीच शंका येतेय. पहाटे बाहेर ३८ अंश आणि आर्द्रता ९० टक्के धर. तीच हवा ७० अंशांपर्यंत तापवली की उरते २८ टक्के. म्हणजे तुझा ह्युमिडिफायर एक थेंबही देत नाहीये.

*

प्रेषक: ज्योती
मंगळवार, दुपारी १२:०५

मीनल, टक्क्यांचं काय ते ही दोघं बघतील. सासूबाईंना रात्री झोपताना दोन्ही नाकपुड्यांत दोन-दोन थेंब कोमट तूप किंवा तिळाचं तेल. आणि रोज अंघोळीआधी तेल. खोबरेल नको, ते ७६ अंशांखाली गोठतं, इथे आताच बाटलीत पांढरं दगड झालंय. तिळाचं किंवा बदामाचं घ्या.

दही मात्र थांबवा. शरदात दही आणि दिवसाची झोप दोन्ही वर्ज्य, हे आपल्याकडे कोणीही सांगेल.

*

प्रेषक: अनघा
मंगळवार, दुपारी १:३०
विषय: रि: रि: हीट लावली (तेलाबद्दल)

ज्योतीताई, तुमच्याशी वाद नाही, पण नाकात तेल-तूप ज्येष्ठांना नकोच. पाठीवर झोपल्यावर ते घशातून श्वासनलिकेत उतरू शकतं. तेल फुप्फुसात साचत गेलं की त्यातून न्यूमोनिया होतो, आणि तो हळूहळू होत असल्यामुळे लवकर कळत नाही. पेट्रोलियम जेलीचंही तेच. त्याऐवजी सलाइन (मिठाच्या पाण्याचं) जेल, वाटाण्याएवढं, नाकपुडीच्या फक्त पुढच्या भागात, सकाळी आणि झोपताना.

कोणी जलनेती करत असेल तर पाणी डिस्टिल्ड, नाहीतर एक मिनिट खळखळून उकळून गार केलेलं. नळाचं थेट कधीही नाही, त्यातला अमीबा नाकावाटे मेंदूत गेला तर उपाय जवळपास नाही. एका कपाला पाव ते अर्धा चमचा बिनआयोडिनचं मीठ आणि चिमूटभर खायचा सोडा. मीठ कमी पडलं की नाक झोंबतं.

घोळणा फुटला तर मान मागे टाकायची नाही. रक्त पोटात जातं आणि उलटी होते. पुढे वाकून बसवा, नाकाचा मऊ भाग (हाडाच्या खालचा) चिमटीत धरा आणि घड्याळ लावून १० ते १५ मिनिटं सोडू नका. थांबलं का बघायला मध्येच सोडलं की पुन्हा पहिल्यापासून. अर्ध्या तासात थांबलं नाही तर इमर्जन्सीत. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर इतकीही वाट बघू नका. ती गोळी स्वतःच्या मनाने बंदही करायची नाही.

अंगाला तेल लावायचं तर अंघोळीनंतर, टॉवेलने टिपून त्वचा ओलसर असतानाच. अंघोळीआधी लावलं की टबला तेल चिकटतं आणि पाय सरकतो. तेलकट पंचे ड्रायरमध्ये उच्च तापमानावर सुकवून गरम-गरम घडी करून ठेवू नका. तेल आतल्या आत तापत जाऊन पेट घेतं. दिवाळीच्या अभ्यंगाच्या दिवशी हे घरच्यांना सांगून ठेवा.

*

प्रेषक: ज्योती
मंगळवार, दुपारी २:१०

बरं, नाकात नको. पण दह्याचं काय ते बोलली नाहीस.

*

प्रेषक: समीर
मंगळवार, दुपारी २:२५

ज्योतीताई, शरदाचे नियम ऑक्टोबर हीटसाठी आहेत. पाऊस ओसरतो, एकदम ऊन तापतं, पित्त वाढतं. शिकागोत त्याच वेळी आपण हीट लावतोय. पंचांग पुण्याचं आणि हवा इथली, कुठला ऋतू धरायचा ते आधी ठरवू या.

*

प्रेषक: वसंत (यादी व्यवस्थापन)
मंगळवार, सायंकाळी ५:००

सर्वांना नम्र विनंती. ही यादी मंडळाच्या कार्यक्रमांसाठी आहे, फर्नेस दुरुस्तीसाठी नाही. कोजागिरीचे आकडे गुरुवारपर्यंत हवे आहेत, अजून फक्त ४१ जणांनी कळवलंय.

विषय निघालाच आहे म्हणून: कोजागिरीला फ्लू शॉटचं टेबल हॉलच्या दाराशी, ४ ते ६, जेवणाआधी. सैल बाहीचा कपडा घाला. मागच्या वर्षी साडीचं ब्लाउज वर सरकत नाही म्हणून दहा मिनिटं रांग अडली होती.

आणि संध्याकाळच्या वॉकची वेळ ५ करावी असं मला वाटतं.

*

प्रेषक: श्रीकांत
मंगळवार, सायंकाळी ५:३५

वसंतकाका, वॉकची वेळ वॉकिंग ग्रुप ठरवतो. त्याची वेगळी यादी आहे.

तरी इथे लिहितो. ऑक्टोबरअखेर सूर्य पावणेसहाला मावळतो. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ मागे गेलं की सूर्यास्त एकदम पावणेपाचच्या आत. म्हणजे ५ ला निघालात तर अंधारातच निघालात. तोवर ५ चालेल, पुढे शनिवार-रविवार सकाळी ९. अंधारात चालणाऱ्यांनी परावर्तक पट्टी घोट्याला बांधा, छातीला नाही. हलणारी पट्टी गाडीवाल्याला माणूस म्हणून लवकर ओळखू येते. ओली पानं बर्फाइतकीच निसरडी असतात, गुळगुळीत तळव्याचे बूट घरी ठेवा. आणि पाण्याची बाटली आणा, थंडीत तहान लागत नाही म्हणून ज्येष्ठ दुपारपर्यंत पाणीच पीत नाहीत.

*

प्रेषक: अनघा
मंगळवार, सायंकाळी ६:१०
विषय: रि: फ्लू शॉटचं टेबल

वसंतकाका, टेबलवर ६५च्या पुढच्यांसाठीची लस आहे का ते आधी विचारा. त्यांच्यासाठी हाय डोस, ॲडजुव्हंट (परिणाम वाढवणारा घटक) असलेली किंवा रिकॉम्बिनंट (जनुकीय तंत्राने बनवलेली), या तिन्हींपैकी एक घ्यावी अशी शिफारस आहे. नसेल तर साधी घ्यावी, पण न घेता परत जाऊ नये. परिणाम यायला साधारण दोन आठवडे लागतात, म्हणून ऑक्टोबर संपायच्या आत.

भारतातून आलेल्या आईवडिलांच्या व्हिजिटर इन्शुरन्समध्ये लस सहसा बसत नाही. त्यांनी काउंटीच्या आरोग्य खात्यात फोन करून दर विचारावा, नाहीतर टेबलवर येऊन खोळंबा होतो.

अजून एक, दर ऑक्टोबरात होणारा घोळ. भारतातून आणलेली ‘ड’ जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पाकिटं आठवड्याला एक, तीही डॉक्टरांनी सांगितलेल्या आठवड्यांपुरती. रोज नाही. इथली रोजची गोळी वेगळी, सत्तरीपर्यंत ६०० आणि पुढे ८०० युनिट ही रोजची गरज. दोन्ही एकत्र चालू असतील तर एक बंद करा, कुठली ते डॉक्टरांना विचारून. आपल्या अक्षांशावर नोव्हेंबर ते फेब्रुवारी उन्हात कितीही बसलं तरी त्वचेत ‘ड’ जवळजवळ तयार होत नाही, त्यामुळे कोवळ्या उन्हाच्या भरवशावर राहू नका.

*

प्रेषक: सुहास
मंगळवार, रात्री ८:२०
विषय: रि: ४५ की ३५

समीर, तुझ्याच तक्त्यात ४० अंशांना ४५ लिहिलंय आणि आत्ता बाहेर ३८ आहे. मग मी चुकलो कुठे? लोक काटा फिरवत नाहीत म्हणून ऑक्टोबरपासूनच नाकं सुकवायची का? दर महिन्याला फिल्टर बघायला खाली जाताच ना, तेव्हाच काटाही फिरवा.

आणि २८ वरून ह्युमिडिफायर बंद आहे असा निष्कर्ष काढू नकोस. घरात पाच माणसं, दोन वेळचा कुकर, अंघोळी. नुसत्या श्वासातून आणि स्वयंपाकातून चार-पाच टक्के सहज वाढतात. आधी मीटर खरं बोलतंय का ते बघा. दहा-बारा डॉलरची मीटरं सात-आठ टक्के चुकतात.

चाचणी सोपी आहे. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, त्यावर पाण्याचे थेंब टाका. मीठ ओल्या वाळूसारखं दिसलं पाहिजे, विरघळून पाणी झालं तर जास्त झालं, अजून मीठ घाला. झाकण आणि मीटर एकाच झिपच्या पिशवीत ठेवा, मीठ मीटरला लागू देऊ नका, पिशवी बंद करून रात्रभर ठेवा. आतली हवा ७५ टक्क्यांवर स्थिर होते. सकाळी मीटर जेवढं कमी दाखवेल तेवढे टक्के मिळवायचे, जास्त दाखवेल तेवढे वजा करायचे.

*

प्रेषक: समीर
मंगळवार, रात्री ९:०५

मिठाची चाचणी करा, माझी हरकत नाही. पण मूळ मुद्दा राहतोय. फर्नेसवरचा ह्युमिडिफायर फर्नेस चालते तेव्हाच पाणी देतो. ऑक्टोबरात ती तासाला जेमतेम दहा मिनिटं चालते आणि दुपारी तर बंदच. काटा ४५ वर असो की ६०, दमट हवा खोलीत पोचतच नाही. जानेवारीत तीच यंत्रणा पुरून उरते. म्हणून सध्या सासूबाईंच्या खोलीत छोटा वेगळा ह्युमिडिफायर ठेवा.

अल्ट्रासॉनिक (पाण्याचे बारीक तुषार उडवणारा) घेतलात तर पाणी डिस्टिल्डच. नळाचं घातलं की क्षार हवेत उडतो, टीव्हीवर पांढरी पूड बसते आणि तीच श्वासात जाते. टाकी रोज रिकामी करून कोरडी पुसायची. आठवड्यातून एकदा निम्मं पांढरं व्हिनेगर, निम्मं पाणी, अर्धा तास, मग तीनदा खळबळून धुवायची. उशापासून तीन फूट लांब. पलंगावर हीटचं भोक रोखलेलं असेल तर त्यावर चुंबकाचा प्लॅस्टिक वळवणा लावा.

खिडकीवरचं पाणी कुकरचं असणार. शेगडीवरचा पंखा बाहेर फेकतो की तीच हवा गाळून परत आत सोडतो, बघा.

*

प्रेषक: अनघा
मंगळवार, रात्री ९:३०

मीनल, दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. रॅगवीडसाठी (परागकणांची ॲलर्जी आणणाऱ्या इथल्या तणासाठी) सासूबाईंना ॲलर्जीची गोळी किंवा नाकाचा स्प्रे चालू आहे का? गोळीने नाक कोरडं पडतं. आणि स्प्रे कुठल्या हाताने मारतात? उजव्या हाताने उजव्या नाकपुडीत मारला की तोंड मधल्या पडद्याकडे जातं, रोज तिथेच औषध बसून ती जागा पातळ होते आणि फुटते. डाव्या नाकपुडीला उजवा हात, उजव्या नाकपुडीला डावा, नळीचं टोक कानाच्या दिशेने. पहिला सणसणीत हिमकडाका पडला की परागकण संपतात, त्यानंतर स्प्रे चालू ठेवायचा का ते डॉक्टरांना विचारा.

*

प्रेषक: मीनल
बुधवार, सकाळी ७:१०

सर्वांना एकत्र उत्तर. मीटरने रात्रभरात ६८ दाखवले, म्हणजे २८ चे खरे ३५. डॅम्पर विंटरवरच होता. पॅडचा खालचा अर्धा भाग दगड झालाय, आज आणते. शेगडीवरचा पंखा आतच हवा सोडतो, त्यामुळे कुकर लावताना खिडकी बोटभर उघडणार. खोलीसाठी छोटा ह्युमिडिफायर मागवलाय.

स्प्रे चालू आहे, ऑगस्टपासून, दोन्ही नाकपुड्यांत उजव्याच हाताने. आज डॉक्टरांकडे फोन लावते.

काटा आज ४० वर ठेवलाय. सुहासकाका आणि समीर, तुम्ही आपापसात ठरवा.

*

प्रेषक: वसंत (यादी व्यवस्थापन)
बुधवार, सकाळी ७:२५

मीनल, पाच जणांत सासूबाई धरल्या आहेत ना? त्यांचं दूध साखरेचं की बिनसाखरेचं, तेवढं कळव.