मदत हवी आहे: कूलंट बदलताना इंजिन ब्लॉकमध्ये उरलेल्या पाण्याचं काय करायचं?

गाडी 2014 ची पेट्रोल वॅगन आर, 78,000 किमी. मूळ कूलंट हिरवं. गेल्या महिन्यात आंबा घाटाच्या अलीकडे एका गॅरेजात टॉपअप केलं, तर त्यांनी गुलाबी कूलंट आणि वर नळाचं पाणी ओतलं. टाकीतलं पाणी तपकिरी झालं.

इंजिन थंड असताना रेडिएटर रिकामा करून तीनदा डिस्टिल्ड वॉटर भरलं, दरवेळी हीटर फुल ठेवून फॅन लागेपर्यंत इंजिन चालवलं. आता पाणी जवळजवळ स्वच्छ येतंय. गळती नाही, गाडी तापत नाही, ऑइल दुधाळ नाही. काढलेलं कूलंट कॅनमध्ये बंद आहे. ते विषारी असतं आणि सोसायटीत कुत्री-मांजरं आहेत.

अडचण अशी की ब्लॉकमध्ये आणि हीटरमध्ये बरंच पाणी राहतंच. त्यावर तयार 50:50 (निम्मं कूलंट, निम्मं पाणी) ओतलं तर ते पातळ होणार. गोठण्याची आपल्याकडे भीती नाही, पण गंजरोधक कमी पडेल. ब्लॉकमधलं पाणी काढायचा बोल्ट पार्किंगमध्ये सोडता येणार नाही.

मग एकूण क्षमतेच्या निम्मं कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं कूलंट) आधी ओतून बाकी डिस्टिल्ड वॉटर भरलं तर चालेल का? आणि आता ओएटी (सेंद्रिय आम्लांचं गंजरोधक असलेलं कूलंट) प्रकारावर जायचं असेल तर तीन फ्लश पुरेसे आहेत का?