पहाटे तीनला पंप रूममध्ये कोण होतं?

१०२ काका: सेक्रेटरीसाहेब, काल पहाटे तीनला पंप रूममध्ये लाइट चालू होता. आत कोणीतरी ठोकाठोकी करत होतं आणि वॉचमन गाढ झोपेत. सीसीटीव्हीला वर्गणी काढली ती कशासाठी?

सेक्रेटरी: फुटेज बघतो. तोवर कोणी परस्पर पोलिसांना फोन करू नका. मागच्या वेळी मांजर निघालं होतं.

४०३: बघितलं फुटेज. बनियन, बर्म्युडा, डोक्याला टॉर्च, हातात पाना. चोर बनियनवर येत नाही 😄

२०३ काकू: डोक्याला टॉर्च? अगंबाई!

१०२ काका: पण खोटं कशाला बोलू, तीननंतर पंपाची खडखड थांबली. दोन आठवड्यांत पहिल्यांदा झोप लागली.

४०३: म्हणजे चोर रिपेअर करून गेला.

५०२ वहिनी: सॉरी सॉरी सगळ्यांना. आमचे हे होते. परवा रात्री बोटीवरून आले. झोप येत नाही म्हणाले, खाली गेले. मला वाटलं फेऱ्या मारत असतील. तासाभराने हात काळे करून वर!

२०३ काकू: आला का गं! मे महिन्यात येणार होता ना? लेकीच्या दहावीच्या निकालाला असेन म्हणाला होता, मला आठवतंय.

५०२ वहिनी: हो ना काकू. करार पाच महिन्यांचा, एक महिना इकडेतिकडे. डिसेंबरात गेले, आता ऑगस्ट उजाडला. यांच्या जागी जाणारा माणूस दोनदा ठरला आणि दोन्ही वेळा ऐनवेळी आलाच नाही. पेढे मीच वाटले, फोटो पाठवला, तो पोचायला दीड दिवस.

३०४: वेलकम बॅक! वर्षात भारताबाहेर १८४ दिवस भरले ना पण? एनआरआय टॅक्सचं बघा.

५०२ वहिनी: तुम्ही चौथे. आल्यापासून कोणीही आधी तेच विचारतंय.

६०४ आजोबा: कुठून आला? सुवेझवरूनच ना?

५०२ वहिनी: नाही आजोबा, आफ्रिकेला वळसा घालून. रॉटरडॅमहून सिंगापूर. तिथे उतरवलं, मग विमानाने मुंबई. थांबा, हेच लिहितायत. एका बोटाने टाइप करतात, वेळ लागेल.

सेक्रेटरी: तोपर्यंत एक सूचना. कमिटीला न विचारता पंपाला हात लावू नये असा आपला ठराव आहे. कॉन्ट्रॅक्टरने नवीन पंपाचं कोटेशन दिलंय, ४२,००० चं.

४०३: जे काम एका पान्याने झालं त्याला ४२,०००?

सेक्रेटरी: झालंय की नाही ते ठरायचंय अजून.

५०२ दादा: नमस्कार मंडळी. आधी माफी, विचारायला हवं होतं. पण तीन वाजता कोणाला उठवणार.

पंपाचं सांगतो. डब्यात खडी घालून हलवल्यासारखा आवाज येत होता. पंपाला ओढायला पाणी पुरत नसलं की असा येतो. ओढणाऱ्या पाइपवर जाळी असते, ती उघडली तर गाळाने गच्च. मागच्या पंधरवड्यात नळाला पाणी नव्हतं तेव्हा टँकर मागवले ना? ते पाणी वरून धबाधबा पडलं, टाकीच्या तळाचा गाळ ढवळला आणि येऊन जाळीत बसला. जाळी धुतली, बादलीने पाणी भरून पंप प्राइम केला, एवढंच. पंप बदलू नका. बेअरिंग मात्र कुरकुरतंय, तेवढं बदला.

बघता क्षणी कळलं कारण महिनाभरापूर्वी हेच काम दर दोन तासांनी करत होतो.

४०३: दादा, सांगा ना. आफ्रिकेच्या टोकाला, त्या केप ऑफ गुड होपला, समुद्र खरंच तेवढा खवळतो?

५०२ दादा: जुलै म्हणजे तिकडचा हिवाळा. २०२३ च्या नोव्हेंबरपासून तांबड्या समुद्रात येमेनच्या हुथी बंडखोरांचे जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हापासून बऱ्याच कंपन्या जहाज सुवेझने न पाठवता केपवरून पाठवतात. साधारण ३,५०० सागरी मैल जास्त. आमच्यासारखी १३ नॉटने, म्हणजे ताशी १३ सागरी मैलांनी चालणारी, सुटा माल नेणारी बल्क बोट असेल तर अकरा दिवस वाढतात. ऑफिसात बसून हा वळसा सोपा दिसतो. ड्रोनपेक्षा लाट बरी हे मलाही मान्य आहे, पण लाट काही बरी नसते.

दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याने अगुल्हास नावाचा प्रवाह खाली नैऋत्येकडे वाहतो. समोरून नैऋत्येचाच जोराचा वारा आला की पाणी आणि वारा एकमेकांवर चढतात, लाटा अगदी उभ्या होतात. सहा दिवस बोट २५-३० अंश कलत होती, या अंगाला मग त्या अंगाला. पंखा पाण्याबाहेर आला की ओझं जातं, इंजिन पिसाटल्यासारखं पळतं, पुन्हा पाण्यात गेला की दबतं. आणि इंधनाच्या टाक्यांच्या तळाशी वर्षानुवर्षं बसलेला गाळ अशा वेळी वर येतो. फिल्टर चोंदला की इंजिन थांबणार, आणि त्या समुद्रात इंजिन थांबलं तर बोट लाटेला आडवी. म्हणून जाळ्या धुवायच्या. एकाने धुवायची, दुसऱ्याने पहिल्याला धरायचं.

२०३ काकू: अरे देवा. आणि जेवायचं काय?

५०२ दादा: खिचडी, काकू. चीफ कुक मालवणचा, पातेलं चुलीला बांधून करायचा. टेबलावर ओलं कापड घालायचं म्हणजे ताटली घसरत नाही. "मासे खाली, आपण वर, आणि ताटात खिचडी," रोज एकदा म्हणायचा. झोपायला गादीच्या एका कडेखाली लाइफजॅकेट कोंबायचं, म्हणजे गादी आणि भिंतीमध्ये आपण अडकून राहतो.

१०२ काका: मग आता घरी आलास तर झोप रे बाबा. पंप कसला उघडतोस.

५०२ दादा: तेच तर होत नाही, काका. रात्री इंजिन रूममध्ये कोणी नसतं, काही बिघडलं तर ज्याची पाळी त्याच्या केबिनमध्ये अलार्म वाजतो. त्या सहा दिवसांत तो थांबलाच नाही. आता इथे अलार्म नसताना दोनला डोळे उघडतात. आणि शांतता झाली की जास्त दचकायला होतं. बोटीवर आवाज बंद म्हणजे इंजिन बंद, अख्खी बोट जागी होते. परवा आपला पंप टाकी भरून आपोआप बंद झाला तर मी चप्पल शोधत होतो.

साबण लावताना डोळे मिटले की बाथरूम अजून कलतं. होईल चार दिवसांत बरं, नेहमी होतं.

५०२ वहिनी: आणि मीठ मागतात ते तळमजल्याला ऐकू जातं. लेक म्हणाली, बाबा, मी समोरच बसलेय.

१०२ काका: हो, मीठ आम्ही ऐकलं.

६०४ आजोबा: माझे थोरले बंधू बोटीवर होते. आमच्याकडे रत्नागिरीला घराघरात एक तरी बोटीवरचा. १९६७ ते १९७५ सुवेझ बंदच होता, तेव्हा सगळेच केपवरून. त्याचं पत्र महिन्याने यायचं, तोवर तो तिसऱ्याच बंदरात. घरी आला की पहिले काही दिवस पलंगावर निजायचा नाही, भिंतीला पाठ लावून जमिनीवर. तरी टक्क जागा. मग आई पहाटेचं दळण रात्रीच काढायची. त्याच्या उशाशी जातं घरघरायला लागलं की हा घोरायला लागे. वडील ओरडायचे, रात्रीचं दळू नये म्हणून. ती ऐकायची नाही.

२०३ काकू: 🙏

४०३: आजोबा हे तुम्ही कधी सांगितलंच नाही.

६०४ आजोबा: कोणी विचारलं नाही. ग्रुपवर पार्किंगशिवाय विषय असतो का?

सेक्रेटरी: बरं. रविवारी दोन्ही टाक्या साफ करून घेऊ. कोटेशन तूर्त बाजूला ठेवतो. बेअरिंग आणायला कोण जाईल?

५०२ दादा: मी जातो. जुनं काढून नंबर बघून घेऊन येतो. आता परवानगी मागतोय हं.

सेक्रेटरी: दिली. पण दिवसा.

२०३ काकू: संध्याकाळी थालीपीठ पाठवते. आणि पुन्हा कधी जायचंय रे?

५०२ वहिनी: काकू, तो विषय गणपतीनंतर.

(दुपारी)

१०२ काका: ५०२, मिक्सर बिघडलाय का? अर्धा तास चालू आहे.

५०२ वहिनी: नाही काका. दाण्याचं कूट करत होते तर हे सोफ्यावर झोपले. बंद केला की कूस बदलतात. म्हणून थांबत थांबत चालूच ठेवलाय, कुटाचं लोणी व्हायला आलंय.

१०२ काका: असू दे, असू दे. चालू ठेव.

४०३: रविवारी टाकी किती वाजता?

सेक्रेटरी: नऊ. सकाळी सातच्या आत पाणी भरून ठेवा.